लाल दिव्यानंतर नऊ किलोमीटर

३ मार्च

धाकट्या,

दोनदा फोन केला. पहिल्यांदा माझा आवाज ऐकून तू ठेवलास, दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं.

पत्ता बेअरिंगच्या दुकानदाराने दिला. "इंजिनकामात त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही," म्हणाला. ते असे करतात, ते तसे करतात. तो तुझ्याबद्दल अहोजाहो करत बोलत होता, त्यामुळे मला बराच वेळ वाटत राहिलं की दुसऱ्याच कोणाचा पत्ता देतोय.

कामाचं लिहिते. माझ्या गाडीचं इंजिन गेलं.

तुला माहीत नसेल, मी सोळा वर्षं गाडी शिकवते. बायकांना. गाडी माझी एकटीची, छतावर माझ्या नावाची पाटी आणि माझ्या पायाशी जादा ब्रेक-क्लच. घर त्यावरच चालतं. ही गाडी शोरूममधून कोरी घेतलेली, आयुष्यातली पहिली कोरी वस्तू. सत्तावीस फेब्रुवारीला तेलाचा लाल दिवा लागला. मी लगेच गाडी बाजूला घेतली, पण तेवढ्यात इंजिन जॅम झालं होतं.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टाय लावलेला एक माणूस काउंटरवर बसतो. त्याने संगणकात बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, वॉरंटी सहा तारखेला संपलीये."

"म्हणजे एकवीस दिवस झाले फक्त."

"एकवीस दिवस कमी नाहीत, मॅडम. तेवढ्यात अंड्यातून पिल्लू बाहेर येतं." आणि हसला. शेजारची मुलगीही हसली. मग त्याने जुनं इंजिन आम्ही उघडत नाही, नवीनच टाकावं लागेल, असं सांगून एक कागद पुढे केला. त्यावरचा आकडा माझ्या अख्ख्या गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा मोठा आहे. "त्यापेक्षा भंगारात द्या. गिऱ्हाईक मी बघून देतो," म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला दिवसातून असे दहा भेटत असतील.

तीस एप्रिलला माझ्या परवान्याचं नूतनीकरण आहे. त्या दिवशी गाडी स्वतः चालवत नेऊन परवाना ऑफिसच्या आवारात उभी करावी लागते. नाही केली तर परवाना रद्द. नवा काढायचा तर आता दोन गाड्या आणि स्वतःचं मैदान दाखवावं लागतं. मी जुनी म्हणून सुटलेय. एकदा गेला की माझ्या वयात परत मिळायचा नाही.

तू इंजिन उघडून बघशील का? माझ्यावर उपकार म्हणून नको. गिऱ्हाईक म्हणून बघ.

बाबा बरे आहेत. डोळे गेले, उजेड-अंधार तेवढा कळतो. कान शाबूत. तुला लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तुझं पाकीट आलं. आत कोऱ्या पावतीच्या पाठीवर चार प्रश्न, वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षर बदललंय तुझं. पूर्वी ओळ चढावर जायची. आता पट्टी लावल्यासारखी सरळ आहे.

उत्तरं:

दिवा लागल्यावर गाडी किती चालली? फार तर एक किलोमीटर. जागा मिळेपर्यंत.

आवाज कसला? आधी टकटक. मग पत्र्याच्या डब्यात दगड टाकून हलवल्यासारखा.

तेल शेवटचं कधी बघितलं? ते सर्व्हिसिंगवाले बघतात. सहा महिन्यांपूर्वी गाडी दिली होती.

गाडीत आणखी कोण होतं? एक विद्यार्थिनी. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, वय एकसष्ट. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात.

चौथा प्रश्न तू का विचारलास ते मला कळलं. इंजिनाला काय फरक पडतो गाडीत कोण होतं त्याने. पण तू काही बोलला नाहीस, म्हणून मीही बोलत नाही.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र टाकून घरी येईपर्यंत कळलं, त्याचा उपयोग नाही. तू इंजिन उघडलंस की तुला कळणारच आहे. बेअरिंग बघून तू सांगशील, बाई, हे एका किलोमीटरचं काम नाही.

नऊ. नऊ किलोमीटर चालवली.

दिवा लागला तेव्हा हेडबाई स्टिअरिंगवर होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, हा लाल दिवा शोभेचा आहे का?" मी म्हटलं, सेन्सर खराब आहे, कधीकधी लागतो. त्या म्हणाल्या, "माझ्या शाळेत घंटा खराब असली तरी ती वाजली की मुलं बाहेर यायचीच." मी म्हटलं, तुम्ही उतरा, मी चालवते. जागा बदलली. समोर बाजारपेठेचा चौक होता. दोन्ही बाजूंना बाबांची जुनी गिऱ्हाइकं. किराणावाला, चष्मेवाला, तो बँकेतला. सगळ्यांसमोर माझ्या नावाची पाटी डोक्यावर घेऊन बॉनेट उघडून उभं राहायचं?

मिस्त्रीची गाडी रस्त्यात उभी राहत नाही. आपण दोघं ह्या एका वाक्यावर वाढलो. तुला आठवत असेल, एकदा बाबांनी फाटलेला टायर तसाच रिमवर रेटत घरी आणला होता. रिमचं वाटोळं झालं, पण रस्त्यात उभे राहिले नाहीत. गावात कुठल्याही न्हाव्याची, शिंप्याची बायको एवढा लाल दिवा बघून थांबली असती. मिस्त्रीची मुलगी थांबली नाही.

बाजार ओलांडला, पूल ओलांडला. टकटक वाढत गेली. हेडबाईंनी पर्स छातीशी धरली होती. घरापासून दोन गल्ल्यांवर एक मोठा आवाज झाला आणि स्टिअरिंग दगड झालं. तिथे बघायला कोणी नव्हतं. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं.

हे खरं आहे. आता तू नाही म्हणालास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजू शकते.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

"पाठव." एवढाच शब्द. मी तो पाचसहा वेळा वाचला, जणू त्यात आणखी काही सापडणार होतं.

चौकातल्या मिस्त्रीने इंजिन उतरवून दिलं. उघडायची त्याची छाती झाली नाही. काल ते माल नेणाऱ्या टेम्पोत चढवलं. खाली जुनी गादी घातली आहे, दोन्ही बाजूंनी टायर लावलेत, हलणार नाही. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, पेशंट कुठल्या हॉस्पिटलला?"

इकडची स्थिती अशी. सहापैकी तीन जणी दुसऱ्या शाळेत गेल्या. तिथे एसी आहे. हेडबाई मात्र रोज साडेसातला चालत येतात आणि इंजिन नसलेल्या गाडीत बसतात. क्लच दाबतात, गिअर टाकतात, आरशात बघतात, हात दाखवतात. मी शेजारी बसते. काल म्हणाल्या, "आज तिसऱ्यात घेतली, कळलं का तुम्हाला?" मी म्हटलं, कळलं. "मग शाबास म्हणा की. पैसे भरलेत मी."

बाबांना सांगितलंय की गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. अंगणात उभी आहे हे त्यांना दिसत नाही. पण आवाज नाही, हे त्यांना कळतं. दोनदा विचारलं.

एक विचारायचं होतं. तुझ्याकडे कोण असतं? म्हणजे घरात. दुकानदाराला विचारायचं धाडस झालं नाही.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी एक एप्रिललाच लिहिलं होतं. आठ दिवस कपाटात, साड्यांखाली ठेवलं. काल तुझी ओळ आली की क्रँक लेथवर घासून आला, बेअरिंग आणली, शनिवारपर्यंत जोडून होईल. म्हणून आज टाकतेय. तुझं काम इतकं पुढे गेल्याशिवाय टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू मला उगाच चांगली समजणार नाहीस.

तू इंजिन उघडल्यावर लिहिलंस, "आत कपभर तेल निघालं. मिस्त्रीच्या मुलीला कळलं कसं नाही?" मी वाचून म्हटलं, बरोबर आहे, ऐकून घ्यायला हवं. पण त्याखाली तू आणखी एक ओळ लिहिलीस. "जाऊ दे. होतं. माझ्या हातूनही एकदा झालंय, म्हणून ह्या बाबतीत मी कोणाला बोलत नाही."

ती ओळ मी दारातच उभ्याने वाचली. पोस्टमनने विचारलं, काही वाईट बातमी आहे का.

धाकट्या, तुझ्या हातून झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंची गाडी. तेवीस वर्षं झाली. तू खालचा बोल्ट काढून जुनं तेल सोडलंस, फिल्टर बदललास, बोल्ट परत आवळलास. मग पुलावर कोणाचा तरी ट्रक बंद पडला म्हणून निरोप आला. तू पान्यांची पेटी उचललीस आणि दारातून म्हणालास, "तेल भर, ताई." मी बाबांच्या गॅरेजच्या काउंटरमागे बसले होते. मी म्हटलं, "हो."

मी काय करत होते तेही सांगते. पत्र लिहीत होते. कोणाला, ते आता महत्त्वाचं नाही. त्याने पुढे दुसरीशी लग्न केलं. पण त्या दुपारी मला दुसरं काहीही सुचत नव्हतं. डॉक्टरीणबाई आल्या, चावी मागितली, मी दिली. 'झालं का?' असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं.

बाजारात मधोमध इंजिन बसलं. संध्याकाळी बाबांनी आपल्या दोघांना समोर उभं केलं. तू म्हणालास, मी ताईला सांगितलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मला नाही सांगितलंस."

तुझा चेहरा मला दिसतो अजून. तू चिडला नाहीस, ओरडला नाहीस, उलट आठवायला लागलास. कपाळाला आठ्या घालून खरंच आठवत राहिलास, आपण सांगितलं होतं की नुसतं मनात म्हटलं होतं. मग हळूच म्हणालास, "नसेल सांगितलं." मी तेव्हाही गप्प राहिले. बाबांनी तुझी पेटी रस्त्यावर भिरकावली. पाने गोळा करायला मी आले होते, आठवतं का? तू म्हणालास, राहू दे ताई, तू कशाला हात काळे करतेस.

त्या दिवसानंतर मी बॉनेट उघडलेलं नाही. गाडी शिकवते, पण तेलाची पट्टी काढून बघायला माझा हात जात नाही. विद्यार्थिनींना सांगते, ते मेकॅनिकचं काम. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मिस्त्रीच्या मुलीला कळलं नाही, कारण तिने बघितलं नाही.

तू सांगितलं होतंस. मी हो म्हणाले होते. तुझी आठवण अगदी बरोबर होती.

आता इंजिनाचं काय करायचं ते तू ठरव. वाटलं तर अर्धवट टाकून दे, मी तक्रार करणार नाही. पण तीस तारीख आहे, हेही मी लिहितेच आहे. बघ कशी आहे मी.

ताई


१७ एप्रिल

धाकट्या,

तुझ्याकडून काही नाही. शनिवार येऊन गेला.

एक गोष्ट घडली, ती तुला कळायला हवी. का कळायला हवी ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित मला एकटीला ती बाळगायची नसेल.

काल दुपारी बाबा म्हणाले, "गाडीचं खरं सांग. दीड महिना कसली सर्व्हिसिंग चालते?" मी म्हटलं, इंजिन जॅम झालं. तेल संपलं होतं. बाहेरगावच्या मिस्त्रीकडे दिलंय.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पुन्हा?"

मी पाणी ओतत होते. म्हटलं, "पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्यांदा. तेल भरायचं विसरायची तुझी ही दुसरी वेळ."

मी भांडं खाली ठेवलं. ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. आता ते कुठेही तोंड करून बोलतात. "मी पत्र्यामागे होतो त्या दिवशी, हात धूत. तो म्हणाला तेल भर. तू हो म्हणालीस. स्वच्छ ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?"

"बाबा, तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत."

"कोणाला तरी काढायलाच हवं होतं. गिऱ्हाइकाला दाखवायला." पाणी प्यायले. मिशी पुसली. "तो पोरगा. हात होते त्याला, कुठेही जगला असता. आणि ठेवला असता तर उद्या लग्न करून वेगळा झाला असता. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. मला घरात माणूस पाहिजे होतं."

मी म्हटलं, "मीही लग्न करून गेले असते."

"तू नसती गेलीस," ते म्हणाले. "गुन्हा केलेला माणूस घर सोडत नाही. मला ठाऊक होतं."

अगदी सहज बोलले. वायर कुठून कुठे जोडली हे सांगावं तसं. मग विचारलं, चहा आहे का.

धाकट्या, मी चहा केला. काय सांगू तुला. दोन चमचे साखर घातली, त्यांना लागते तेवढी, आणि बशीत ओतून दिला, कारण कप त्यांच्या हातात थरथरतो.

ताई


१ मे

धाकट्या,

काल गाडी ऑफिसच्या आवारात उभी केली. साहेबाने चक्कर मारायला लावली, ब्रेक बघितले, इंजिन चालू ठेवून कागदांवर सह्या केल्या. "नवं इंजिन टाकलं का?" म्हणाला. परवाना मिळाला, पाच वर्षांसाठी.

हे तुला सांगायला हवं होतं म्हणून लिहितेय, असं म्हणून सुरुवात केली होती. पण त्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या.

शनिवारी सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला आणि तू उतरलास, तेव्हा मी तुला ओळखलं नाही. केस पांढरे झालेले, चालणं बाबांचं. तू ओठांवर बोट ठेवलंस आणि दारातल्या खुर्चीकडे बघितलंस. बाबांनी विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, इंजिन बसवायला माणूस आलाय. तू माझ्यापुढे हात केलास आणि अगदी हळू म्हणालास, "चावी द्या." द्या. धाकट्या, तू मला थोबाडीत मारली असतीस तरी मला इतकं लागलं नसतं.

दिवसभर बघत होते मी तुला. तू नट आवळतोस, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देतोस. मग परत पहिल्यापासून प्रत्येक नटाला पाना लावून बघतोस. मग तिसऱ्यांदा. तेल भरलंस, पट्टी काढून बघितलीस, पुसलीस, परत बघितलीस. चार पावलं गेलास आणि परत वळून बघितलीस. मागच्या नळाशी हात धुताना मी विचारलं, इतक्या वेळा कशाला बघतोस? तू म्हणालास, "मी विसरणारा माणूस आहे."

"तू विसरला नव्हतास. मी लिहिलं ना."

"वाचलं," तू म्हणालास. साबण नखांमध्ये घासत होतास. "पण हातांना कोण सांगणार?"

घरात कोण असतं ते मी तेव्हाही विचारलं नाही. तू टॉवेल न घेता हात झटकलेस.

साडेचारला तू इंजिन चालू केलंस. बाबा खुर्चीत ताठ झाले. मग मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले, आठवतं ना, पूर्वी इंजिन ऐकायचे तशी. तू बॉनेटशी उभा होतास, हातात फडकं. मग बाबा म्हणाले, "वा." मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकलेला नाही. म्हणाले, "हात चांगला आहे ह्याचा. असं इंजिन मला तरी बांधता आलं नसतं." आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून विचारलं, "नाव काय रे तुझं? कोणाकडे शिकलास?"

तू माझ्याकडे बघितलंस. ह्या वेळी ओठांवर बोट नव्हतं. फडकं घडी करून हातात धरलं होतंस, शाळेत नाव पुकारायची वाट बघणाऱ्या मुलासारखं. तू स्वतः बोलू शकत होतास. बोलला नाहीस. ते मी सांगावं अशी तुझी इच्छा होती, आणि माझ्याकडून तेवढंच तर येणं होतं.

मी म्हणाले, "त्याला बोलता येत नाही, बाबा. मुका आहे तो."

तू एकदा पापणी हलवलीस. मग हत्यारं पेटीत भरलीस, मोजून, प्रत्येक आपापल्या खणात. बाबा म्हणत होते, "अरेरे. असा हात आणि वाचा नाही." तू फाटक नीट लावून गेलास. तुला वाट आठवत नसेल असं वाटून मी दोन पावलं धावले, पण तू वळून बघितलं नाहीस.

रविवारी मी तुला एक पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की मी तुझ्यासाठी तसं केलं. तुझं नाव ऐकलं असतं तर बाबांनी शब्द फिरवले असते, चार चुका काढल्या असत्या. ते त्यांचं 'वा' तुझ्याजवळ तसंच राहावं, कोणी हात न लावलेलं. पत्र चांगलं झालं होतं. वाचताना माझेच डोळे भरून आले, तेव्हा मला संशय आला आणि मी ते फाडलं.

खरं असं आहे. तेवीस वर्षं मी त्यांना दोन्ही वेळा वाढलं. त्यांची नखं कापली. रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, जाहिरातींसकट. त्यांनी मला कशासाठी ठेवलं ते आता मला माहीत आहे, आणि तरीही ते 'वा' ऐकलं तेव्हा मला ते सहन झालं नाही. एका दिवसात, एका इंजिनावर. मला वाटलं, आता नाव सांगितलं तर ते ह्याला हात धरून बसवतील, तोंडावरून हात फिरवतील, आणि मी आत चहा करत असेन. तो विचार पुरा व्हायच्या आधीच मी बोलून गेले होते. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हाही असंच झालं होतं, धाकट्या. विचार करून मी कधीच इतकी वाईट वागले नसते.

तू उत्तर देऊ नकोस. तू देणार नाहीसच.

गाडीचा आवाज इतका मऊ आहे की हेडबाई काल म्हणाल्या, चालू आहे का बंद, कळतच नाही. त्यांनी पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर तिसरा टाकला. मी शाबास म्हणाले.

बाबांना त्या दिवसापासून एकच विषय. रोज संध्याकाळी खुर्चीत बसले की विचारतात, "तो मुका परत कधी येणार?"

मी म्हणते, काम झालं त्याचं, बाबा. आता कशाला येईल.

ताई